उजवी पापणी

"उजव्याच डोळ्यावर ना?" आबांनी दारातूनच विचारलं.

मी नर्सिंग होमच्या खाटेवर बसून रेवाला पाजत होते. ती जन्मून आठवडाही झाला नव्हता. सासूबाई सकाळी येऊन तिला बघून गेल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल, ते आबांचा चेहरा बघून मला कळलं.

"उजव्याच," मी म्हटलं. "पण अगदी फिकट आहे, आबा. पुष्कळ बाळांना असतात असे."

ते खाटेपाशी आले. चष्मा काढून वाकले. रेवाच्या उजव्या पापणीवर, नाकाकडच्या बाजूला, मसुरीच्या डाळीएवढा गुलाबी ठिपका होता. मुद्दाम बघितल्याशिवाय दिसला नसता. आबांनी उजव्या हाताचं बोट त्याच्या जवळ नेलं, लावलं नाही. नुसतं धरून ठेवलं.

"आला," ते म्हणाले. "आला गो माझा पम्या."

त्यांच्या मागून सासूबाई आत येत होत्या. "अहो, पोरगी आहे ती."

"असू दे. यायचं होतं त्याला. मिळेल त्या वाटेने आला."

मग वर्षभर न रडलेला तो माणूस माझ्या खाटेच्या कठड्याला धरून रडला. शैलेश, माझा नवरा, खिडकीपाशी उभा होता. तो वडिलांकडे बघत होता. मुलीकडे नाही.

पम्या म्हणजे प्रमोद, शैलेशचा मोठा भाऊ. वडखळच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. लग्न झालं नव्हतं. त्याला घरी आणलं तेव्हा मी तिथे होते. उचलायच्या आधी आबा उठून कारखान्यात गेले आणि मूर्तींच्या गंधासाठी लागणारा तांबडा रंग वाटीत घेऊन आले. त्यात बोट बुडवून त्यांनी ते प्रमोदच्या मिटलेल्या उजव्या पापणीवर टेकवलं. जुन्या लोकांत अशी रीत आहे. माणूस अकाली गेलं की त्याच्या अंगावर एक खूण करून द्यायची, म्हणजे परत आलं की ओळखू येतं. दुसऱ्या कुणी हातावर केली असती, पायावर केली असती. आबांनी डोळ्यावर केली, कारण प्रमोद डोळे काढायचा.

पेणला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. साचे, माती, रंग ही कामं शिकून कुणालाही येतात. डोळ्यांची आखणी येत नाही. बुबुळ केसभर वर गेलं तर मूर्ती घाबरल्यासारखी दिसते, खाली आलं तर पेंगते. आखणी आबांची आणि त्यांच्यानंतर प्रमोदची. त्यांची मूर्ती खोलीत कुठूनही बघा, आपल्याकडेच बघते. शैलेशला आखणी जमली नाही. त्याने काढलेल्या डोळ्यांना सासूबाई म्हणायच्या, "जागरण झालंय वाटतं देवाला." तो हसायचा आणि मातीकडे वळायचा. प्रमोद गेल्यावर आबांनी ब्रश हातात घेतलाच नाही. त्या वर्षी शैलेशने आखलेल्या मूर्ती मुंबईच्या व्यापाऱ्यांनी परत पाठवल्या. मांडणीवर त्या तशाच उभ्या होत्या, झोपाळू डोळ्यांच्या.

मी रेवाला घेऊन घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा कारखान्यात गेले. प्रमोदच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "पाळणा इथे बांधा."

"इथे?" सासूबाई म्हणाल्या. "रंगाच्या वासात?"

"त्याला सवय आहे वासाची."

पाळणा व्हरांड्यात बांधायचा यावर तडजोड झाली. आबा दारातून तिच्याकडे बघायचे, मूर्तीकडे वळायचे आणि एका श्वासात बुबुळ उतरवायचे. शैलेशला त्यांनी शेजारी पाटावर बसवलं. ब्रश धुवायला, रंग पातळ करायला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी दुरून बघायचे. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसलेला असायचा.

डाग वाढत होता.

गुढीपाडव्याला तो लाल झाला आणि पापणीच्या वर उचलला गेला. नंतर पिकलेल्या तुतीसारखा दिसायला लागला, तसाच खडबडीत, तसाच रसरशीत. रडली की जांभळा व्हायचा. गावातले डॉक्टर गुंजाळ म्हणाले, "रक्तवाहिन्यांची गाठ आहे. घाबरायचं काही नाही. पाच-सहा वर्षांत आपोआप जाते. काही करू नका." शैलेश घरी येईपर्यंत दोनदा म्हणाला, "बघ, आपोआप जाते."

मी रसायनशास्त्र शिकलेली. एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायचे. गोळ्यांमध्ये जे लिहिलंय ते तितकंच आहे की नाही, हे तपासणं माझं काम. गुंजाळांचं बोलणं खोटं नव्हतं. पण गाठ गालावर असती तर ते पुरलं असतं. मे महिन्यात रेवाची उजवी पापणी अर्धी मिटली आणि महिना संपता संपता पूर्ण. मी बोटाने पापणी वर करायचे. खाली डोळा चांगला होता, काळा, ओला. बोट काढलं की पडदा पडल्यासारखा झाकला जायचा.

"मुंबईला दाखवायचं," मी शैलेशला म्हटलं.

"दाखवू ना. गणपती झाले की दाखवू."

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. पेणमध्ये सगळं गणपती झाले की होतं. छप्पर गणपती झाले की शाकारायचं, सासूबाईंचा मोतीबिंदू गणपती झाले की काढायचा. आमचं लग्नही गणपती झाले की झालं होतं. त्यात आळस नसतो. त्या महिन्यांत गावाला खरंच दुसरं काही सुचत नाही.

"सप्टेंबरपर्यंत?" मी म्हटलं. "शैलेश, तिचा डोळा बंद आहे."

"आत शाबूत आहे ना? तूच म्हणालीस."

आबा दारातून ऐकत होते. ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही. "अनुजा, तो रंग मी लावलाय," ते म्हणाले. "पुसायला डॉक्टर कशाला?"

"रंग नाहीये तो, आबा. गाठ आहे."

"तुझ्या पुस्तकात गाठ असेल."

सासूबाईच उठल्या. "उद्या मी जाते हिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "पम्या असो नाहीतर पम्याची पुतणी, दोन डोळ्यांनी बघू दे. तुम्ही दोघं इथे देवांना डोळे काढत बसा." मग शैलेशलाच यावं लागलं. गाडी त्यानेच चालवली.

मुंबईच्या डॉक्टर बोरवणकर म्हणजे सावकाश बोलणाऱ्या, पिकल्या केसांच्या बाई. त्यांनी रेवाचा डावा डोळा तळहाताने झाकला. रेवा ओरडायला लागली, डोकं इकडेतिकडे फिरवायला लागली. हात काढला, गप्प झाली.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आता ऐका. हा डाग जाईल. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. ही शाळेत जाईल तेव्हा तो शोधावा लागेल. पण डोळा थांबणार नाही. डोळा नुसता असून भागत नाही, बघायला शिकावं लागतं. मेंदू ते शिकतो याच महिन्यांत. आत्ता त्या डोळ्यातून उजेड गेला नाही, तर मेंदू तो डोळा सोडून देतो. मग नंतर पापणी उघडली, ऑपरेशन केलं, काहीही केलं, तरी तो परत घेत नाही."

"पण डाग जाईल ना?" शैलेशने विचारलं.

"डाग जाईल," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

औषध साधं होतं. हृदयाच्या रोग्यांना देतात तेच, बाळाच्या वजनाच्या मानाने. पहिले काही डोस दवाखान्यात ठेवून, नाडी बघत दिले. मग फार्मसीत गोळ्या कुटून, दुधाच्या साखरेत मिसळून त्याच्या पुड्या बांधून मिळाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, दूध पाजल्यावर, उकळून गार केलेल्या पाण्यात. दोन्ही वेळा मीच देणार, असं मी ठरवलं. कामावर जायच्या आधी आणि परत आल्यावर.

औषध कडू होतं. पहिल्या दिवसांत रेवा तोंड वेडंवाकडं करायची, जीभ बाहेर काढायची, अर्धं थुंकायची. मी सिरिंज गालाच्या आत धरून थेंब थेंब सोडायचे. आठवडाभरात गाठीचा रंग उतरला. लालाचा विटकरी झाला. ती मऊ पडली. एका सकाळी मी पाळण्यावर वाकले तर पापणीखाली बारीक फट होती आणि फटीत काळं काही हललं. मी सासूबाईंना हाक मारली. आम्ही दोघी पाळण्याशी बसून हसत होतो.

त्या दिवशी आबांनी ब्रश ठेवला.

"उतरतोय रंग," ते म्हणाले. "निघाला तो." ते घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मांडणीवर रंगवून तयार असलेल्या मूर्ती होत्या, डोळ्यांच्या जागी पांढऱ्या. व्यापाऱ्यांचे फोन येत होते. शैलेशने चार मूर्ती आखून बघितल्या आणि ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. मी दारात उभी होते. "येतील आबा," मी म्हटलं. त्याने मान हलवली. हातातलं फडकं तो धुतच राहिला.

त्यानंतर गाठ परत लाल झाली.

एकदम नाही. आधी फट गेली. मग रंग चढला, मग फुगली. जुलैच्या भेटीत डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"औषध वेळेवर दिलं जातंय?"

"मोजून देते," मी म्हटलं. "दोन्ही वेळा मी स्वतः."

"थुंकते का?"

"पहिल्यांदा थुंकायची. आता सवय झालीय. चाटूनपुसून घेते."

माझं काम काय, ते त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. म्हणून पुढे काही विचारलं नाही. क्वचित काही बाळांत औषध सुरुवातीला लागू पडतं आणि मग पडत नाही, असं त्या म्हणाल्या. डोस वाढवला. पुढच्या खेपेला पाहू, नाहीतर गाठीत इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. "ऑपरेशन लवकर ठरवायला हवं," त्या म्हणाल्या. शैलेश म्हणाला, "गणपती झाले की लगेच." खाली फार्मसीच्या रांगेत तोच उभा राहिला. मी रेवाला घेऊन बाकावर बसले होते.

आबा परत स्टुलावर बसायला लागले होते. त्या वर्षीसारखे डोळे त्यांनी कधी काढले नव्हते, असं गावातले कारागीर येऊन बघून सांगायचे. "आबा, ह्या मूर्तीसमोर खोटं बोलता यायचं नाही," एकजण म्हणाला. आबा म्हणाले, "माझं कसलं. तो पाळण्यातून सांगतो, मी काढतो." शैलेश पाटावर बसून ब्रश धूत असायचा.

ऑगस्टमध्ये एकदा पुड्यांच्या डब्याला मुंग्या लागल्या. मी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "औषधाला कशा गं मुंग्या?" मी सांगितलं, "त्यात दुधाची साखर असते, आई." रोज सकाळी मी पुडी उघडायचे, पाणी मोजायचे, ढवळायचे, सिरिंज उजेडात धरून बुडबुडा काढायचे. रेवा सिरिंज दिसली की पाय झाडत हसायची. डाव्या डोळ्याने माझा हात शोधायची आणि तोंड उघडायची. कामावर मी दिवसभर दुसऱ्यांची औषधं तपासायचे.

ऑगस्टच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "आता थांबायला नको. भरती करा." शैलेशने हात जोडले. "बाई, थोडेच दिवस. सगळा माल आत्ता निघतो. अनंत चतुर्दशी झाली की मी स्वतः घेऊन येतो." मी म्हटलं, मी एकटी थांबते. त्याने माझ्याकडे बघितलं. "ऑपरेशन आहे, अनुजा. सही मलाही करायचीय. मला इथे असायचंय." त्याचे डोळे भरले होते. मला ते प्रेम वाटलं. ते प्रेमच होतं, असं मला अजूनही वाटतं.

गणपती आले. गेले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पेण ओसाड वाटतं. मांडण्या रिकाम्या, अंगणात रंगाचे ओघळ, सगळं गाव झोपलेलं. सकाळी मी रेवाला दूध पाजलं, पुडी पाण्यात ढवळली, सिरिंज भरली. तिने हसून तोंड उघडलं. पहिला थेंब जिभेवर गेला आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं. जीभ बाहेर काढली. थुंकली. मग माझ्याकडे बघून रडायला लागली, मी तिला फसवल्यासारखं.

मी सिरिंजमधला एक थेंब माझ्या जिभेवर टाकला. कडू होता.

कडूच असायचा तो. मी डब्यातली दुसरी पुडी उघडली. कडू. तिसरी. मग डबा उपडा केला. तळाशी एक पुडी चिकटून राहिली होती. तिची घडी वेगळी होती. फार्मसीवाले टोक आत खोचतात. हिचं टोक बाहेर दुमडलेलं होतं, आमच्या कारखान्यात सोनेरी भुकटी बांधतात तसं. ती उघडून मी बोट लावलं.

रेवाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि कारखान्यात गेले. शैलेश पत्र्याच्या तुकड्याने फळीवरची सुकलेली माती खरवडत होता. मी पुडी त्याच्यासमोर धरली.

"ही कुणी बांधली?"

त्याने बघितलं. दचकला नाही. "एक राहिली वाटतं."

"काय आहे यात?"

"पिठीसाखर." त्याने पत्रा खाली ठेवला. "वाईट काही नव्हतं, अनुजा. पाणी तू उकळूनच घेत होतीस."

"कधीपासून?"

"आबा पडून राहिले ना, तेव्हापासून." मग घाईने म्हणाला, "पण मी फेकलं नाही काही. बघ ना." रंगाच्या डब्यांमागून त्याने एक बरणी काढली. आत पुड्या होत्या, महिन्यांप्रमाणे वेगवेगळ्या, रबर लावून जपून ठेवलेल्या. "एकही वाया नाही घालवली. आजपासून सुरू केलंय परत. मीच बदलल्या पहाटे. आता गणपती झाले ना."

मी फळीवर बसले.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, शैलेश?"

"डाग जातो म्हणाल्या. गुंजाळ पण तेच म्हणाले. जाणारच आहे ना तो? मग दोन महिने इकडे तिकडे."

"डाग जाईल."

"तेच म्हणतोय मी."

तो खरंच तेच म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तिथे फक्त थकवा होता आणि एक प्रकारची सुटका, हंगाम पार पडल्याची.

"आबांना माहीत आहे?"

"नाही गं. त्यांना कशाला." तो माझ्या शेजारी बसला. "तू बघितलेस ना या वर्षीचे डोळे? आणि त्यांनी मला शेजारी बसवलं, अनुजा. शेवटी शेवटी दोन मूर्तींना पापणीची रेघ मला ओढू दिली. म्हणाले, बरी आलीय."

बाहेर व्हरांड्यात रेवा रडत होती. सासूबाई तिला साखरेचं बोट चाटवत होत्या, कडू तोंड गोड व्हावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर बोरवणकरांच्या टेबलावर ती एक पुडी ठेवली आणि सांगितलं. शैलेश माझ्या बाजूच्या खुर्चीवर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी रेवाचा डावा डोळा झाकला आणि उजवी पापणी बोटाने वर धरली. तिच्यासमोर झगझगीत बाहुली हलवली. रेवाचा उजवा डोळा बाहुलीच्या पलीकडे कुठेतरी होता. जूनमध्ये तो फटीतून उजेडाकडे वळला होता. आता वळला नाही.

"ऑपरेशन करू या," शैलेश म्हणाला. "आजच करा. मी तयारीने आलोय."

"ऑपरेशन कशाचं?" त्या म्हणाल्या. "औषधाने गाठ बसेल आता. खरं औषध आहे ना." मग मला म्हणाल्या, "डाव्या डोळ्यावर पट्टी लावा. रोज काही तास. उजव्याला कामाला लावून बघू. पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

गाठ बसली. दिवाळीत पापणी उघडली. आबा पाळण्याशी आले, चष्मा काढला आणि वाकले. डाग फिकट झाला होता, पण त्याच्याखालून तो डोळा पूर्ण दिसत होता. लांब, काळा, पाण्याने चमकणारा. आबांनी आयुष्यभर जे डोळे काढले तसा.

"बघतोय," ते म्हणाले. "माझ्याकडे बघतोय पम्या."

"आबा, त्या डोळ्याने तिला दिसत नाही."

ते हसले. "काहीतरीच. असा डोळा आंधळा असतो होय?"

मी दोनदा सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. पट्टीचं तर त्यांना कळतच नसे. "चांगला डोळा कशाला बांधता?" मी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली की रेवा जागच्या जागी बसायची. रांगायला शिकलेली मुलगी हात पुढे करून बसून राहायची, रडायची, मग रडायचंही सोडून द्यायची. पट्टी काढली की पहिल्यांदा माझा चेहरा हातांनी चाचपायची. हे आम्ही काही वर्षं केलं. एका वर्षी डॉक्टर म्हणाल्या, "आता पुरे. मुलीला उगाच त्रास." त्यांनी शैलेशलाही चहा विचारला त्या दिवशी.

डोळा कशामुळे गेला, ते आम्ही आबांना सांगितलं नाही. शैलेशने तसं मला विनवलं होतं. मीही का कबूल झाले, ते नीट सांगता येणार नाही. सांगून कुणाला काय मिळणार होतं?

डाग आपोआप गेला. रेवा शाळेत जायला लागली तेव्हा पापणीवर थोडी सुरकुतलेली त्वचा होती, ती माहीत असल्याशिवाय कळायची नाही. डाग गेला तसे आबा तिला रेवा म्हणायला लागले. एक दिवस हाक मारायला तोंड उघडलं, थांबले आणि म्हणाले, "रेवा, इकडे ये." पम्या पुन्हा त्यांच्या तोंडून आला नाही. आखणी ते करत राहिले, पण हात कापायचा. शैलेशची रेघ बरी येत होती, बुबुळ येत नव्हतं. शिकवायला कुणीतरी हवं होतं.

त्या आषाढात मी कारखान्यात त्यांना चहा घेऊन गेले होते. शैलेश कोपऱ्यात माती मळत होता. आबांनी रेवाला स्वतःच्या पुढ्यात उभं केलं होतं, हातात कोरडा ब्रश दिला होता. समोर वीतभर उंचीची मूर्ती, नुकतीच आखलेली.

"डोळे काढले की झालं नाही," ते तिला सांगत होते. "दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का, ते बघायचं. दोन डोळ्यांनी बघशील तर फसशील. ब्रश आडवा धर. असा. आता एक डोळा मीट आणि दुसऱ्याने ब्रशच्या काठावरून बघ."

"कुठला मिटू?"

"कुठलाही मीट गो."

रेवाने ब्रश आडवा धरला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात घेतली आणि डावा डोळा मिटला. उजवा उघडा होता. तो मूर्तीच्या बाजूने, थोडासा भिंतीकडे, शांतपणे रोखलेला होता.

"दिसले दोन्ही डोळे सरळ?" आबांनी विचारलं.

तिने ब्रश जरा वर नेला, जरा खाली आणला.

"आबा," ती म्हणाली, "गणपती कुठेय?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग मूर्तीकडे. त्यांनी चष्मा काढला, वाकले आणि त्या उघड्या डोळ्यासमोर आपलं बोट आणलं. इकडून तिकडे नेलं. परत नेलं. बोटाला तांबडा रंग लागलेला होता.

"शैलेश," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता, की मला आधी वाटलं त्यांनी फक्त ओठ हलवले. "हिला खरंच दिसत नाही रे."

शैलेश मातीचे हात घेऊन उभा राहिला. "नेऊ आबा," तो म्हणाला. "मुंबईला परत नेऊ. नवीन काही निघालं असेल. गणपती झाले की—"

तो तिथेच थांबला. चहाचे कप माझ्या हातात होते.

रेवा अजून तशीच उभी होती, आडव्या ब्रशमागे, डावा डोळा घट्ट मिटून. उघड म्हणून सांगायची वाट बघत.